धबधब्याशेजारचा कातळ

जुलैत आंबोलीला गेलात तर एक गंमत करून बघा. घाटातल्या मोठ्या धबधब्यासमोर उभं राहायचं आणि कोसळणाऱ्या पाण्यातल्या एकाच जागेवर नजर रोखायची. मिनिटभर. मागून कुणी छत्री टोचली, माकडाने हातातलं कणीस पळवलं, तरी नजर ढळू द्यायची नाही. मग झटकन बाजूच्या शेवाळलेल्या कातळाकडे बघायचं.

कातळ वर चढायला लागतो.

म्हणजे तो जागचा हललेला नाही हे दिसतं आणि तो वर सरकतोय हेही दिसतं, दोन्ही एकाच वेळी. माझ्या सतरा वर्षांच्या भाचीला हे करायला लावलं तेव्हा ती आधी किंचाळली, मग लागोपाठ तीनदा करून पाहिलं, आणि मग जरा चिडूनच म्हणाली, "पण मावशी, तो हलत नाहीये हे मला माहितीय ना! मग तरी का दिसतंय?"

प्रश्न कातळाबद्दलचा होता. मला मात्र तो पुढे भलत्याच ठिकाणी उपयोगी पडला. टीव्ही आणि मासिकं मुलींच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल काय पेरतात, याचं संशोधन वाचत बसले होते आणि पानोपानी भाचीचाच प्रश्न भेटत होता.

कातळाचं उत्तर आधी देते. १८३४ साली रॉबर्ट ॲडम्स नावाचा एक गृहस्थ स्कॉटलंडमध्ये लॉक नेस सरोवराकाठच्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी उभा होता. त्याला नेमकं हेच दिसलं आणि त्याने ते लिहून छापलं. पुढे याला 'धबधब्याचा भ्रम' असं नाव पडलं. मेंदूच्या दृष्टिविभागात काही पेशी खाली जाणाऱ्या हालचालीला दाद देतात, काही वर जाणाऱ्या. ही कायमची रस्सीखेच आहे. समोर काही हलत नसेल तेव्हा दोन्ही बाजू सारख्या जोराने ओढतात, दोर जागच्या जागी राहतो, आणि आपण म्हणतो, 'स्थिर आहे'. मिनिटभर पाणी पाहिलं की खालच्या बाजूचा गडी दमतो. मग नजर कातळावर गेली की वरचा गडी एकटाच ओढतो आणि दोर सरकतो. हे सगळं होतं नजरेच्या तळघरात. 'कातळ हलत नाही' हे ज्ञान राहतं वरच्या मजल्यावर. वरून कितीही ओरडा, खाली ऐकू जात नाही.

आता पाण्याच्या जागी माणसाचं शरीर ठेवा.

माणसाचं शरीर पाहिलं की खास उत्तेजित होणारा मेंदूचा एक भाग २००१ मध्ये सापडला. खुर्ची, झाड, गाडी दाखवली तर तो फारशी दखल घेत नाही. हात, पाय, धड दिसलं की जागा होतो. याच्या आसपासच्या यंत्रणेलाही धबधब्यासारखंच फसवता येतं का, हे तपासायची रीत फार सोपी आहे. पडद्यावर एका बाईचा फोटो असतो. एक कळ एका बाजूला सरकवली की ती रुंद होते, दुसऱ्या बाजूला सरकवली की अरुंद. सांगितलेलं काम एवढंच, की ती 'नेहमीसारखी' दिसेल तिथे थांबवा. तुम्ही थांबवता. मग दोन-चार मिनिटं तुम्हाला मुद्दाम बारीक केलेल्या शरीरांचे फोटो एकामागून एक दाखवतात. आणि पुन्हा तीच बाई, तीच कळ.

या वेळी तुमचा हात आधीपेक्षा अरुंद ठिकाणी थांबतो. आणि मघाशी अगदी नेहमीसारखी वाटलेली बाई आता जाड दिसते. तुमच्या आवडीनिवडीत काही बदल झालेला नसतो, 'बारीक म्हणजे छान' असं कुणी कानात सांगितलेलं नसतं. दोर फक्त सरकलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००५ मध्ये हे दाखवलं आणि नंतर सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या गटाने ते पुढे नेलं. परक्यांची बारीक शरीरं पाहिल्यावर स्वतःचा फोटोसुद्धा जाड दिसायला लागतो, असं त्यांना आढळलं. इथे मी पुस्तक मिटून जरा वेळ खिडकीबाहेर पाहत बसले होते. आरशात उभं राहून आपण 'बघतो' असं समजतो. प्रत्यक्षात आपण आधीच्या तासाभरात पाहिलेल्या सगळ्यांच्या शेजारी उभं राहून बघत असतो.

याच गटाने २०१९ मध्ये आणखी एक प्रश्न विचारला. समोरचं शरीर आपल्यापेक्षा वेगळ्या वंशाचं असेल तर? आशियाई बायकांची बारीक शरीरं पाहिली तर गोऱ्या बायकांच्या शरीराबद्दलचा अंदाज सरकतो का, आणि उलट? सरकतो, बऱ्याच प्रमाणात. निदान आकारमानाच्या बाबतीत नजर कातडीचा रंग विचारत बसत नाही. 'त्या वेगळ्या, आपण वेगळ्या' असं मन म्हणत असेल, पण तळघरात एकच वही आहे आणि सगळ्यांची मापं तिच्यातच लिहिली जातात.

अर्थात प्रयोगशाळेतली पाच मिनिटं म्हणजे आयुष्य नव्हे. एका अख्ख्या समाजाच्या नजरेसमोर एके दिवशी धबधबा सुरू झाला तर काय होईल? असा प्रयोग कुणी ठरवून करू शकत नाही. फिजीत तो आपोआप घडला.

फिजीच्या विती लेवू या मुख्य बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यावर नांद्रोंगा नावाचा प्रांत आहे. हार्वर्डच्या ॲन बेकर या मानसोपचारतज्ज्ञ आणि मानवशास्त्राच्याही अभ्यासक. त्यांनी या भागात १९८०च्या दशकापासून काम केलं होतं. तिथल्या मूळ फिजियन घरांमध्ये जेवायची वेळ झाली की दार उघडं असतं आणि रस्त्याने जाणाऱ्याला हाक जाते, 'मई काना', म्हणजे 'ये, जेव'. ओळख असो-नसो. कंदमुळं, मासे, नारळाचं दाट दूध. पाहुण्याने थोडंच खाल्लं तर यजमानाचा चेहरा पडतो. एखाद्याची भूक गेली तर त्याला 'मादाके' नावाचं दुखणं झालं असं समजतात आणि झाडपाल्याचं औषध द्यायला घरातले धावतात. कुणी वाळलं तर दोष त्या माणसाचा नसतो, तो घरच्यांचा आणि गावाचा असतो. याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, याला कुणी नीट जेवू घातलं नाही, असा त्याचा अर्थ. बेकरबाईंचं म्हणणं होतं की या समाजात शरीर हे एकट्याच्या मालकीचं काम नसतंच. ते घडवतात सगळे मिळून.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. 'किती वाळलीस गं!' ही आपल्याकडे तक्रार नव्हती, माया होती. 'अंगापिंडाने भरलेली', 'खात्यापित्या घरची' हे कौतुक होतं. 'तब्येत सुधारली हो तुझी' हे वाक्य माझ्या आजीच्या तोंडी आशीर्वादासारखं असे. आज लग्नाच्या मांडवात तेच म्हणून बघा, समोरची दोन दिवस जेवायची नाही. वाक्यातला एक शब्दही बदललेला नाही.

१९९५ मध्ये नांद्रोंगात टीव्ही आला. बेकरबाईंनी अगदी त्याच सुमाराला, टीव्ही येऊन जेमतेम काही आठवडे झाले असताना, माध्यमिक शाळेतल्या ६३ मूळ फिजियन मुलींना २६ प्रश्नांची एक ठरलेली प्रश्नावली दिली. खाण्याशी तुमचं नातं कसं आहे, जेवल्यावर अपराधी वाटतं का, अशा प्रकारचे प्रश्न. २०च्या वर गुण गेले तर काळजीचं कारण. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, तशाच वयाच्या ६५ मुलींना तीच प्रश्नावली दिली. मधल्या काळात देशात एकच वाहिनी होती आणि तिच्यावर बहुतेक बाहेरून आणलेलं: 'बेव्हर्ली हिल्स ९०२१०', 'मेलरोज प्लेस', 'झीना: वॉरियर प्रिन्सेस'.

२०च्या वर गुण असलेल्या मुली १९९५ मध्ये १२.७ टक्के होत्या, १९९८ मध्ये २९.२ टक्के. वजन ताब्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी १९९५ मध्ये एकही नव्हती. तीन वर्षांनी ११.३ टक्के. ज्या समाजात भूक न लागणं हा आजार होता तिथे घशात बोट घालणं आलं, तेही तीनच वर्षांत. १९९८ मधल्या ७४ टक्के मुलींनी सांगितलं की आपण फार मोठ्या किंवा जाड आहोत असं कधी ना कधी वाटतं.

मला आकड्यांपेक्षा मुलींचं बोलणं जास्त थक्क करतं. बेकरबाईंनी त्यांच्याशी गप्पाही मारल्या होत्या. सुंदर दिसायचं म्हणून बारीक व्हायचंय, एवढंच त्या म्हणत नव्हत्या. पडद्यावरच्या बारीक बायका नोकरी करतात, मोटारी चालवतात, झीना तर तलवार फिरवते. मग बारीक असणं ही नोकरीची वाट असणार! कुणी म्हणालं, हलकं झालं की अंगात आळस राहणार नाही, घरकामाला जास्त उपयोग होईल. म्हणजे ध्येय पडद्यावरून आलं, पण त्याला लावलेली कारणं फिजीची होती: घराला उपयोगी पडणं, कामसू असणं. गावात पैशाचा व्यवहार वाढत होता, जवळच किनाऱ्यावर पर्यटकांची हॉटेलं होती, आईबापांना जी वाट ठाऊक नव्हती तिचा नकाशा मुली शोधत होत्या. नकाशा म्हणून हाती आली ती मालिका. या मुलींना भोळ्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हाती असलेल्या पुराव्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष तसा तर्कशुद्धच होता.

या अभ्यासात खोट काढता येते आणि काढावीही. दोन्ही वर्षांच्या मुली वेगळ्या होत्या, संख्या लहान होती, आणि त्या तीन वर्षांत फिजीत फक्त टीव्हीच आला असं नाही. बेकरबाईंनाही हे ठाऊक होतं. म्हणून त्या थांबल्या नाहीत. पुढे त्यांच्या गटाने फिजीतल्याच ५२३ मुलींचा अभ्यास केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं एक निरीक्षण मी जाईन तिथे सांगत सुटले होते. मुलीच्या स्वतःच्या घरी टीव्ही आहे की नाही, यापेक्षा तिच्या मैत्रिणींच्या घरी टीव्ही आणि व्हिडिओ किती आहेत, याचा तिच्या खाण्याच्या तक्रारींशी जास्त घट्ट संबंध निघाला! स्वतः न पाहताही पडदा अंगावर येतो. मधल्या सुट्टीत, डबा उघडताना, मैत्रिणीच्या एका नजरेतून.

इथे तळघरातली रस्सीखेच पुरेशी पडत नाही. मैत्रिणीच्या घरचा टीव्ही तुमच्या मेंदूतल्या पेशींना दमवू शकत नाही. काहीतरी दुसरंही चालू असतं.

ते काय, याचा धागा अमेरिकेत सापडतो. समाजशास्त्रज्ञ मेलिसा मिल्की यांनी शाळकरी मुलींशी 'सेव्हन्टीन'सारख्या मासिकांबद्दल बोलून १९९९ मध्ये एक निबंध छापला. ६० मुली, ४९ गोऱ्या, ११ काळ्या. गोऱ्या मुली बावळट मुळीच नव्हत्या. हे फोटो खोटे आहेत, अशा मुली खऱ्या जगात नसतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. काही जणी तर वैतागून सांगत होत्या, साध्या मुलींचे फोटो छापा ना! तरीही त्यांना स्वतःचं शरीर कमी वाटत होतं. कारण त्यांना वाटायचं, मला कळतं हे खोटं आहे, पण वर्गातल्या मुलांना कुठे कळतं? बाकीच्या मुलींना कुठे कळतं? ते सगळे मला याच मापाने मोजणार. आणि बाकीची प्रत्येक जण हेच म्हणत होती.

मी यावर बराच विचार केला आहे आणि अजून मला ते एखाद्या जादूच्या प्रयोगासारखंच वाटतं. खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे की पत्ता बाहीत आहे, आणि तरी सगळे टाळ्या वाजवतात, कारण प्रत्येकाला वाटतं की शेजारच्याला माहीत नाही.

काळ्या मुलीही तीच मासिकं पाहत होत्या. त्यांचं म्हणणं साधारण असं: हे गोऱ्या मुलींचं आहे, आमचं नाही. आमची मुलं, आमच्या मैत्रिणी आम्हाला या फुटपट्टीने मोजत नाहीत. म्हणून चित्र दिसत होतं, पण चिकटत नव्हतं. पुढे २००४ मधल्या एका अभ्यासात याला जोड मिळाली. ज्या काळ्या तरुणी काळ्या कलाकारांच्या मालिका जास्त बघत, त्यांना स्वतःच्या शरीराबद्दल जरा बरं वाटत होतं. पडदा नेहमीच खाली ओढतो असंही नाही तर.

यावरून 'काळ्या मुलींना हा त्रास होतच नाही' अशी एक सोयीची समजूत तयार झाली. २००६ मध्ये ग्रेब आणि हाइड या दोन संशोधक बायकांनी अमेरिकेतल्या ९८ अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली. काळ्या आणि गोऱ्या बायकांमध्ये शरीराबद्दलच्या नाराजीत फरक निघाला, पण लहानसा. गोऱ्या, आशियाई आणि लॅटिन वंशाच्या बायकांमध्ये तर जवळजवळ काहीच नाही. ढाल होती, पण पातळ.

आणि सोयीच्या समजुतीची किंमत कोण मोजतं, ते 'मेरी'च्या रोजनिशीत दिसतं. मेरी ही काल्पनिक मुलगी. ती काय खाते, काय टाळते, कधी अधाशासारखं खाते, याची काही पानं संशोधकांनी तयार केली आणि उपचार करणाऱ्या व्यावसायिकांना वाचायला दिली. मजकूर सगळ्यांना अक्षर न् अक्षर सारखा. फक्त काहींच्या कागदावर मेरी गोरी होती, काहींच्या लॅटिन, काहींच्या काळी. मेरीच्या वागण्यात काही बिघाड दिसतो का? गोरी मेरी वाचलेल्यांपैकी ४४ टक्के म्हणाले, हो. लॅटिन मेरीला ४१ टक्के. काळ्या मेरीला १७. समोर कागद होता, तरी नजर स्वतःच्या जुन्या समजुतीकडेच पाहत होती! आपल्याकडे 'आमच्या मुलींना असलं काही होत नाही, ते परदेशी खूळ' हे मी इतक्यांदा ऐकलंय, की १७ हा आकडा वाचताना कुठली तरी ओळखीची बैठकीची खोली डोळ्यांपुढे आली.

'हे खोटं आहे' असं सांगितल्याने फरक पडेल, या आशेवर कायदेही झाले. इस्रायलने २०१२ मध्ये केला, फ्रान्समध्ये २०१७पासून, नॉर्वेत २०२१ मध्ये: जाहिरातीतलं शरीर फेरफार करून बारीक केलं असेल तर तशी सूचना छापा. कल्पना शहाणपणाची आहे. ऑस्ट्रेलियात मारिका टिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सूचनांची पुन्हा पुन्हा परीक्षा घेतली. सूचना वाचूनही बायकांना स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटायचं ते वाटतच राहिलं. एका प्रयोगात नजर कुठे जाते ते यंत्राने टिपलं, तर अमुक अवयव बदललाय असं सूचनेत लिहिलं की वाचणारीची नजर नेमकी त्याच अवयवावर जाऊन बसे. घाटात 'हा कातळ स्थिर आहे' अशी पाटी लावल्यासारखंच ते. उलट ज्याने कातळाकडे पाहिलं नसतं तोही बघणार.

भाचीला उत्तर द्यायला मला वेळ लागला तो यामुळे. एक उत्तर नाहीच. तळघरातल्या पेशी ज्ञानाला जुमानत नाहीत, हे एक. आणि ज्ञान एकट्याला असून भागत नाही, शेजारणीलाही ते आहे हे तुम्हाला ठाऊक असावं लागतं, हे दुसरं.

पण दोर एकाच बाजूला सरकतो असं थोडंच आहे! निकाराग्वाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर पर्ल लगून नावाचं खाजण आहे. त्याच्याभोवती मिस्कितु, गारिफुना, क्रेओल, मेस्तिसो अशा वेगवेगळ्या लोकांची गावं आहेत. अभ्यासाच्या वेळी काही गावांत वीज पोहोचली होती, काहींत नाही. डरहॅम विद्यापीठाच्या लिंडा बूथरॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बायका-पुरुषांना विचारलं, कोणतं शरीर सुंदर वाटतं? जे जास्त टीव्ही बघत त्यांना बारीक शरीरं आवडत, आणि खाणंपिणं, कमाई यांचा हिशेब वजा केला तरी टीव्हीचा वाटा उरत होता. याचा निबंध २०२० मध्ये आला. त्यातला एक प्रयोग टीव्ही फारसा न पोहोचलेल्या ठिकाणच्या लोकांवर होता. काहींना बारीक मॉडेलचे फोटो दाखवले, काहींना भरल्या अंगाच्या. थोडाच वेळ. ज्यांनी जे पाहिलं त्या बाजूला त्यांचा कल सरकला. भरल्या अंगाच्या बायका पाहिलेले भरल्या अंगाकडे वळले.

आंबोलीनंतर महिन्याभराने भाची आणि मी सिनेमाला गेलो होतो. सिनेमा संपला, लोक उठले, पॉपकॉर्नचे डबे लाथाडत निघाले. ही मात्र खुर्चीतच बसून राहिली आणि वर सरकत जाणाऱ्या नावांच्या यादीकडे टक लावून बघत होती. साउंडवाले, मेकअपवाले, चहावाले, सगळे वर गेले. शेवटी यादी थांबली. तिने माझा हात घट्ट धरला.

"मावशी, बघ," ती म्हणाली, "पडदा खाली उतरतोय."